गॅरेजमधले स्पीकर आणि स्कारबरोची वाळू

कीथली, यॉर्कशर
१४ मार्च १९९८

थोरले बंधू क्लिफर्ड यांस धाकट्या वॉल्टरचा टोपी काढून नमस्कार (टोपी लगेच परत घातली आहे, कारण हे पत्र गॅरेजमध्ये बसून लिहितोय आणि इथे चहा ओठापर्यंत येईतो गार होतो). तुझा गुडघा काय म्हणतो? ब्रेंडावहिनींचा खोकला? तिकडे टॉर्कीला म्हणे मार्चमध्येच लोक कोटाशिवाय हिंडतात. हिंडा बापडे. आम्ही इकडे कोट घालून झोपतो. हिल्डा मजेत आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही.

तुझं पत्र पोचलं. लंडनचे कोणी जुन्या वस्तूंचे शौकीन आपले स्पीकर विकत घ्यायला पुढच्या महिन्यात येणार, तोवर ते नीट कोरड्यात ठेव, असं तू लिहिलंस. अकरा वर्षांपूर्वी स्पीकर माझ्या गळ्यात घालून दक्षिणेत गेलास, तेव्हाही हेच म्हणाला होतास. क्लिफर्ड, या गॅरेजला शेगडी नाही, चूल नाही, ऊब म्हणून नाही. इथे कोरडं असं फक्त तुझं पत्र आहे.

मी काय काय केलं ते ऐक. पहिल्या हिवाळ्यात दोन्ही स्पीकरना प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. एप्रिलमध्ये उघडलं तर आतल्या बाजूने पाणी ठिबकत होतं. दुसऱ्या वर्षी प्लॅस्टिक काढलं, विटांवर चढवलं, वरून घोंगडी घातली (ती हिल्डाच्या आईची आठवण होती हे मला नंतर कळलं, मला बऱ्याच गोष्टी नंतर कळतात). त्या उबेला उंदीर आले आणि आवाज घुमू नये म्हणून आपण आत कोंबलेल्या लोकरीत त्यांनी संसार थाटला. डांबराच्या गोळ्या ठेवल्या, तर उंदीर राहिले आणि हिल्डा महिनाभर इकडे फिरकली नाही. बरं, छप्पर गळत नाही, शेजारी टेकवलेली सायकल खडखडीत कोरडी, मग हे दोघेच का पाझरतात? हिल्डा म्हणाली, "तुझ्या भावाचेच ना ते? नुसतं उभं राहायला सांगितलं तरी घाम फुटतो."

सोमवारी दाढी करताना बाबा आठवले आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. सत्तावन्न साल आठव, आपण हे स्पीकर घरीच बनवत होतो. दोन प्लायवुडच्या मध्ये कोरडी वाळू भरली की पेटी थरथरत नाही, असं आपण कुठेसं वाचलं होतं. बाबा गवंडी, दारात नदीच्या वाळूचा ढीग. पण तुला हवी होती स्कारबरोच्या किनाऱ्याची, कारण त्याच ऑगस्टात तिथल्या नाचघरात वहिनी तुझ्या पायावर पाय देऊन गेल्या होत्या. आपण दोन पिशव्या बसमधून वाहून आणल्या. बाबा म्हणाले, "अरे गाढवांनो, समुद्राच्या वाळूतलं मीठ जात नसतं. भिंतीत घातली तर भिंत जन्मभर ओल धरते." त्यावर तू छाती काढून म्हणालास, "ही भिंत नाही बाबा, हे संगीत आहे!" मग आईच्या ओव्हनमध्ये ती वाळू भाजली आणि पुढचे तीन रविवार सगळ्या घराने पुडिंग करकर चावलं. पण चॅपलच्या हॉलमध्ये पहिल्या शनिवारी ते स्पीकर लागले, आणि आई, जी कधी कोणापुढे नाचली नव्हती, ती बाबांचा हात धरून उठली. क्लिफर्ड, मला ते दिवस फार आठवतात. इथे बोलायला कोणी नाही म्हणून तुला लिहितो.

तर मंगळवारी डाव्या स्पीकरची मागची फळी खोलली. वाळू ओलीगच्च. हुंगून पाहिली, अजून समुद्राचा वास येतो. आणि त्या वाळूत, देवाशपथ, आईच्या लग्नातल्या सहा चमच्यांपैकी हरवलेला सहावा चमचा! फटीतून वाळू भरायला तूच घेतला होतास आणि आईपुढे बायबलवर हात ठेवून "मी पाहिलासुद्धा नाही" म्हणाला होतास. आळ आला एथेल मावशीवर. त्यानंतर आईने तिच्या बशीत चमचा म्हणून ठेवला नाही, आणि ती बिचारी मरेपर्यंत आपल्याकडे न ढवळलेला चहा प्यायली. डाव्या बाजूला झांज जरा जास्तच वाजते, असं तू कौतुकाने सांगायचास, ती झांज म्हणजे हा चमचा.

तेव्हा त्या गृहस्थांना कळव की स्पीकर ओले आहेत, उंदरांनी कुरतडले आहेत, एक तर अर्धा रिकामा आहे. त्यांनी एवढ्या लांब येण्याची तसदी घेऊ नये.

तुझा,
वॉल्टर

ता. क. उंदीर गेले त्याला सहा वर्षं झाली. स्पीकरचे आवाज काढणारे कागदी पडदे शाबूत आहेत.

ता. क. २. आता खरं लिहितो. स्पीकर नोव्हेंबरपासून बैठकीत आहेत, शेकोटीपासून दोन हातांवर. जागा पुरेना म्हणून हिल्डाचा सोफा गॅरेजमध्ये आणला, त्यावरच बसून हे लिहितोय. तिचा अबोला त्याचाच. पण आता रोज रात्री मी उजवा एकटा लावतो तेव्हा ती दारात येऊन उभी राहते, आणि तिचा पाय हलतो.

ता. क. ३. विकू नकोस रे. नदीची वाळू आणून भाजून ठेवली आहे. पण ती भरताना पेटी तिरकी धरायला दुसरा माणूस लागतो, आणि या घरात तो अकरा वर्षं आलेला नाही. चमचा घासून ठेवलाय.