अठ्ठ्याण्णव किलोच्या स्प्रिंगा

मी, वेस्ली निकोलस मकॉर्टॉफ, वय वर्षे चोवीस, राहणार मूळ विनलॉ, स्लोकन खोरे, ब्रिटिश कोलंबिया, हल्ली मुक्काम उत्तरेकडची हिऱ्याची खाण, कामगार बराक क्रमांक तीन, शिक्षण नववी अर्धी, आज रोजी पोटभर जेवून, कोणाच्या धाकाशिवाय आणि थेंबभरही न पिता (इथे मिळतच नाही) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. यापूर्वी मी कसलेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण देण्यासारखे काही नव्हते.

मरायची मला घाई नाही. येत्या सोमवारपासून मला सुरुंगाच्या टोळीवर घेतले आहे आणि त्या टोळीत जाणाऱ्या प्रत्येकाने असा कागद करून द्यावा असा इथला नियम आहे. दवाखान्यातल्या जॉर्जिना झोएबाई फॉर्म देताना म्हणाल्या, "तीन ओळी पुरेत." मला त्या पुरल्या नाहीत.

कलम १. माझा देह घरी न्यावा. टेबलावर पाव, मीठ आणि पाणी ठेवावे, जसे आमच्या रशियातून आलेल्या लोकांत ठेवतात. गाणारे लोक येतील, त्यांना मधेच चहा विचारू नये, सूर मोडतो. भाषण कोणी करू नये. वडिलांना कळवायचे असल्यास पत्ता माझ्याकडेही नाही. मी सहा वर्षांचा असताना ते पीस नदीकडे कामाला गेले, ते गेलेच. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. बूड एका जागी न टिकण्याचा गुण त्यांनी मला दिला, तेवढी वारसा हक्काची बाब इथे नोंदवून ठेवतो.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते माझी आत्या, फ्लोरेन्स मकॉर्टॉफ, हिला द्यावे. तिनेच मला वाढवले. त्यातून तिने लाकडाच्या खोपटावर नवे पत्रे घालावेत. चर्चा करू नये.

कलम ३. माझे खाणीतले बूट, जाड कोट आणि रेडिओ माझ्या खोलीतला सायलस पेनी, न्यूफाउंडलंडवाला, याला द्यायचे ठरवले होते. पण झोएबाई म्हणाल्या की साक्षीदाराला काही देता येत नाही. सायलसला विचारले.

तो म्हणाला, "बूट मला होत नाहीत, कोटाला तुझा वास येतो, आणि रेडिओवर इथे वाऱ्याशिवाय काही लागत नाही. मला साक्षीदारच कर बाबा. मोठ्या कागदावर माझी सही कधी झाली नाही."

सबब सायलसला काही नाही.

कलम ४. माझी हत्यारांची पेटी गॉर्ड हेस्केथ, गॅरेजवाले, यांना द्यावी. पेटीतला चौदा नंबरचा पाना त्यांचाच आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला कामावरून काढले, त्या दिवशी तो माझ्या खिशात राहिला. मुद्दाम राहिला. गॉर्डकाका, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, "याच्या हातात अक्कल आहे, पण हात दर शुक्रवारी कुठे असतील ते सांगता येत नाही." ते मला फार लागले होते. आता लागत नाही, कारण खरे होते. पण चारचौघांत म्हणायला नको होते, हे मी मेल्यावरही म्हणेन.

कलम ५. हे मुख्य कलम आहे. सावकाश वाचावे.

आत्या गेले एकोणीस हिवाळे डोंगरावर बर्फ मोजायला जाते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, दहा ठिकाणी पोकळ नळी बर्फात खुपसायची, नळीसकट बर्फ तोलायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची. खाली धरणवाले त्या आकड्यांवर पाण्याचा हिशेब करतात. वर जायला तिच्याकडे मोटारसायकल आहे, जिचे पुढचे चाक काढून स्की आणि मागचे काढून रबरी पट्टा बसवला आहे. पट्ट्याचे हे किट जुने आहे. मूळ शॉकअपच्या जागी त्यात नुसता लोखंडी दांडा येतो, त्यामुळे प्रत्येक उंचवटा थेट कण्यात जातो.

दोन हिवाळ्यांमागे, इथल्या पहिल्या पगारातून, मी तिच्या पट्ट्यातल्या थकलेल्या स्प्रिंगा काढून नव्या घातल्या. घातल्यावर स्वतः बसलो, मागच्या उतारावरून दोन उड्या मारल्या, गाडी लोण्यासारखी चालली. आत्या दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी खूश होऊन कामावर परत आलो.

माझे वजन अठ्ठ्याण्णव किलो आहे. आत्याचे एकोणसाठ. स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनावर निवडायची असते, हे गॉर्डकाकांच्या गॅरेजमध्ये झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असते. मला ठाऊक होते. मी फक्त विसरलो की गाडी माझी नाही.

आत्या काही बोलली नाही. दोन हिवाळे ती त्या स्प्रिंगांवर डोंगर चढली आणि उतरली. गेल्या महिन्यात ती पट्ट्याचे बेअरिंग बदलायला गाडी घेऊन गॉर्डकाकांकडे गेली. त्यांनी तिला गाडीवर बसवले, मागून फूटपट्टी धरली, आणि संध्याकाळी मला फोन केला.

"वेस, तुझी आत्या गाडीवर बसली, पण गाडीला पत्ताच नाही कोणी बसलंय. सहा मिलिमीटर खाली गेली फक्त."

"म्हणजे?"

"म्हणजे तू स्वतःच्या बुडाच्या मापाची गादी तिला शिवलीस, गाढवा. डोंगरावरून आली की ही बाई स्वयंपाकघरात जमिनीवर उताणी पडते, तासभर. आणि येत्या जानेवारीची फेरी जमली नाही, तर तिचं काम हेलिकॉप्टरला देणार आहेत. तुला माहीत नव्हतं ना? मलाही आजच कळलं."

मी लगेच आत्याला फोन लावला.

"पाठ ना? पाठ वयाची आहे," ती म्हणाली.

"आत्या, स्प्रिंगा बदल. त्या माझ्या वजनाच्या आहेत."

"मग? तू काय परका आहेस?"

"अगं, मऊ पाहिजेत तुला."

"तू बसवल्यास ना, मग चांगल्याच आहेत. जेवलास का? काय होतं?"

मी नव्या स्प्रिंगांची जोडी आणि दांड्याच्या जागी बसणारा खरा शॉकअप मागवून गॉर्डकाकांच्या फळीवर ठेवायला सांगितले. पण चालते आहे ते टाकून नवे घ्यायचे नाही, हे आत्याचे जुने तत्त्व आहे. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तिने हवामान सांगून फोन ठेवला. तोंडी बोललेले ती वाऱ्यावर सोडते. पत्र वाचून चुलीत घालते. पण खाली सही आणि साक्ष असलेला कागद तिने आजवर एकदाही मोडलेला नाही, कारण एकोणीस वर्षे ती स्वतः तसेच कागद भरते.

म्हणून मी लिहून ठेवतो की वरील स्प्रिंगा आणि शॉकअप ही माझी मालमत्ता मी फ्लोरेन्स मकॉर्टॉफ हिला देत आहे, आणि हे कलम मी जिवंत असतानाच, कागद पोचल्या दिवसापासून लागू आहे. लोखंडी दांडा काढावा. माझ्या स्प्रिंगा काढाव्यात. बसल्यावर गाडी किती खाली जाते हे एकट्याने मोजता येत नाही, एकाने बसायचे आणि दुसऱ्याने मोजायचे, म्हणून गॉर्डकाकांना या कलमापुरते व्यवस्थापक नेमतो. आत्याने पाठीवरची पिशवी, फावडे आणि मोजायची नळी यांच्यासकट बसावे, रिकाम्या अंगाने बसू नये. गाडी चाळीस मिलिमीटरच्या आसपास खाली जाईपर्यंत गॉर्डकाकांनी तिला उतरू देऊ नये.

झोएबाईंनी हे वाचून चष्मा काढला. "मृत्युपत्र मेल्यावर चालतं, वेस."

"तोवर तिची पाठ राहील का?"

"कोर्टात टिकणार नाही हे."

"कोर्टात जायचंच नाहीये, बाई. स्लोकन खोऱ्यातल्या एका स्वयंपाकघरात टिकलं की झालं."

त्या हसल्या नाहीत, पण पेन घेतले.

आणखी एक, जे फोनवर बोलता येत नाही. आत्या, तुझ्या पाठीत जे दुखते ते मी बसवलेले आहे. माझ्या हातून झालेली चूक तू चांगुलपणा समजून अंगावर वागवू नकोस. मी दिले म्हणून ठेवायचे असेल, तर हेही मीच देतो आहे.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला, सायलसला मोठ्याने वाचून दाखवला, तो मधे दोनदा हसला आणि एकदा नाक शिंकरले.

सही: वेस्ली नि. मकॉर्टॉफ
साक्षीदार: १) सायलस पेनी, ड्रिलवरील मदतनीस. २) जॉर्जिना झोए, परिचारिका.
ठिकाण: खाणीची छावणी, वायव्य प्रदेश. तारीख: २८ नोव्हेंबर.

पुरवणी, वरील मृत्युपत्रास जोडलेली

सुरुंगाच्या टोळीवर सहा आठवडे होत आले, दहाही बोटे शाबूत आहेत. कागदाची एक प्रत मी आत्याला रजिस्टरने पाठवली होती. काल तिचा फोन आला. ती स्वतःहून फोन करत नाही.

"कलम पाचमध्ये चूक आहे," ती म्हणाली. "माझं वजन एकसष्ट आहे. सही करण्याआधी विचारायचं होतंस."

"बरं. मग?"

"मग काय? दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, करावं लागलं. गॉर्डने तीनदा बसवलं मला, पिशवी-बिशवी घेऊन. एकेचाळीस आलं. आणि तो म्हणाला, पोराला सांग, पाना ठेव म्हणावं."

"आणि जानेवारीची फेरी?"

"झाली की परवा. दहाही ठिकाणं. घरी आले, उभ्या उभ्या बोर्श्टचं सूप गरम केलं, उभ्या उभ्याच जेवले. नाक का ओढतोस? रडतोस काय?"

"नाही. लाइन खराब आहे इथली."

"हं. तुझ्या त्या जुन्या स्प्रिंगा मी पुसून, तेल लावून ठेवल्यात. पोस्टाने पाठवणार नाही. बदलायला अर्धा तास लागतो, गॉर्डकडून शिकून घेतलंय मी. तू आलास की तुला बसायला गाडीत घालून देते."

सबब कलम ५ अंमलात आल्यामुळे रद्द. त्यातली मालमत्ता आता माझी नाही, ती डोंगरावर आहे. चौदा नंबरचा पाना मालकाच्या संमतीने माझा झाला आहे, कलम ४ तेवढे दुरुस्त समजावे.

जुन्या स्प्रिंगांची जोडी मात्र मी कोणालाही देत नाही. चौदा मार्चपासून माझी रजा मंजूर झाली आहे. मी स्वतः जाणार आहे.

सही: वेस्ली नि. मकॉर्टॉफ
साक्षीदार: तेच दोघे. सायलसने या वेळी पूर्ण नाव लिहिले.
तारीख: ९ जानेवारी.