द्रौपदीचा रक्तगट

१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ६.१०
आजपासून कादंबरी. यज्ञेशने (माझा पुतण्या, पवईला आयटीत) काल लॅपटॉपवर कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं.
मुकुलशी बोलणं झालं. घाटकोपरच्या गाळ्यातून पस्तीस वर्षं पुस्तकं काढतोय बिचारा. तीस सप्टेंबरला संध्याकाळी सातला कायमचं शटर ओढणार. पुढे त्याचा भाचा तिथे स्पर्धा परीक्षांची गाइडं काढणार. मला म्हणाला, मार्तंडा, कॉलेजपासून सांगतोयस कादंबरी लिहिणार म्हणून. पहिली तीन प्रकरणं दे, दम असेल तर शेवटचं पुस्तक तुझं काढून जातो. मुकुल सोडून मला कोणी छापणार नाही, एवढं मलाही कळतं.
दोन महिन्यांत तीन प्रकरणं. रिटायर माणसाला दोन महिने म्हणजे चैन.
नायिका ठरली. द्रौपदी. खारदांड्याची कोळीण. बाकी सुचेल.

४ ऑगस्ट
सॉफ्टवेअर झकास. यज्ञेश म्हणाला, काका, सरळ टाइप करायला लागा, फीचर्स नंतर बघा. ही आजची पिढी! एवढी फीचर्स दिलीत ती काय शोभेला? लोक दहा टक्के वापरतात आणि मग कादंबऱ्या पडतात. मी शंभर टक्के वापरणार.
आज बोर्ड. त्यावर टाचणी मारल्यासारखी कार्डं लावता येतात. चाळीस लावली. प्रत्येकावर ‘प्रकरण’ आणि आकडा टाकला. मग रंग. दुःख निळं, प्रेम गुलाबी. समुद्रही निळा झाला, म्हणून समुद्र हिरवा केला. मग झाडांचं काय करायचं? ह्यात दुपार गेली.
क्षमाने (बायको) विचारलं, किती झालं? म्हटलं, चाळीस प्रकरणं. चहात साखर विसरली.

७ ऑगस्ट
पात्रांचा फॉर्म सापडला. बहात्तर रकाने! जन्मवेळ, उंची, रक्तगट, आवडता रंग, लहानपणीची भीती, चपलेचा नंबर. वाचून डोळे भरून आले. विमा कंपनीत तेहतीस वर्षं प्रपोजल फॉर्म तपासले. एक रकाना रिकामा दिसला की फॉर्म परत. ब्रँच मॅनेजर रडकुंडीला यायचे. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने माझ्याच हाताखाली काम केलं असावं.
नियम ठरवला. फॉर्म पूर्ण भरल्याशिवाय पात्राला कादंबरीत प्रवेश नाही.

१२ ऑगस्ट
द्रौपदीचे एकोणसत्तर रकाने भरले. रक्तगटावर अडलोय. बी पॉझिटिव्ह फार सोपं वाटतं. स्वभाव बघता ओ निगेटिव्ह असावा, पण आईवडिलांचे रक्तगट कळल्याशिवाय तो देता येत नाही. म्हणजे आईवडिलांचेही फॉर्म आले.

२४ ऑगस्ट, रविवार
श्रावण संपला, म्हणून रिसर्चला खारदांड्याला गेलो. फॉर्मची प्रिंट बरोबर. मासळी विकणाऱ्या एका बाईंना नम्रपणे विचारलं, लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची? त्या म्हणाल्या, मासली घ्याची त घे, नाय त बाजूला हो, मागं गिऱ्हाईक हाय. रकान्यात ‘गिऱ्हाईक जाण्याची’ असं लिहिलं. चार बोंबील घेतले. लोकांना साहित्याची कदर नाही.
क्षमा बोंबील बघून खूश. म्हणाली, रिसर्च दर रविवारी कर.

२९ ऑगस्ट
भावाकडचा दीड दिवसाचा गणपती आटपला. दोन दिवस गेले. बाप्पासाठी गेले, तक्रार नाही.
तिकडे वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं, कादंबरीत होतं काय? सांगितलं, तपशील आत्ताच फोडता येत नाही. यज्ञेश उगाच हसला.

३ सप्टेंबर
नवं फीचर: रोजचं टार्गेट. पाचशे शब्द झाले की लाल पट्टी हिरवी होते. शिवाय बोलून टाइप करता येतं. माइक लावला, खुर्चीत टेकलो, डोळे मिटले. उघडले तर पट्टी हिरवी! सहाशे चाळीस शब्द!
नंतर बघितलं. क्षमा बाजूला बसून तिच्या बहिणीला, शुभाला, फोनवर वरच्या मजल्यावरच्या भांडणाची हकीकत सांगत होती, ती सगळी उतरली होती. वाचायला घेतली आणि संपेपर्यंत सुटली नाही. पण साहित्य नव्हे ते. रिसर्चमध्ये टाकून ठेवलं, हिरवी पट्टी कशाला घालवा.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. पंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये. माझा ह्यावर विश्वास नाही, पण आईचा होता. लेखनाचा श्रीगणेशा घटस्थापनेला. तोवर भाजीवाला, पोस्टमन आणि द्रौपदीचा नवरा नाना ह्यांचे फॉर्म.
मुकुलचा फोन. एखादं पान तरी वाचायला पाठव म्हणाला. त्याला समजावलं, पाया चाललाय. तो म्हणाला, पाया किती खोल रे, तळमजला तरी दिसू दे.
हा माणूस अलीकडे फार घाई करतो.

१७ सप्टेंबर
फॉर्म एकसष्ट झाले. मान आखडली. डॉक्टरांनी विचारलं, कशामुळे? कादंबरी, असं सांगताना बरं वाटलं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना. सकाळी ७.००
फोकस मोड लावला. त्यात स्क्रीनवर कोरं पान सोडून काहीच दिसत नाही. फार भीतिदायक फीचर आहे. दोन तास बसलो. मग एकदम लिहून झालं:
‘द्रौपदी पहाटे दाराबाहेर पडली. हातात काही नव्हतं. समुद्राकडे तिने पाहिलं नाही.’
अंगावर काटा आला. इतकं चांगलं लिहिल्यावर लगेच पुढे जाऊ नये. फॉन्ट बदलून अकरा फॉन्टमध्ये बघितलं.

२६ सप्टेंबर
वाट लागली. यज्ञेश आला होता. त्याला अभिमानाने एकूण आकडा दाखवला: अठ्ठेचाळीस हजार शब्द. त्याने कुठेतरी क्लिक केलं आणि म्हणाला, काका, हे फॉर्म, नोट्स आणि रिसर्च धरून आहे. मूळ कादंबरीत अकरा शब्द आहेत.
सॉफ्टवेअरने हे आधी सांगायला नको? भयंकर चीड आली. यज्ञेशवर ओरडलो. क्षमाने त्याला पोहे दिले, मला दिले नाहीत.

२९ सप्टेंबर
चार दिवस अकरा शब्दांपुढे बसलो. बारावा येत नाही. छातीत धडधडतंय. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.
पण दुपारी मार्ग सापडला. कंपाइल! ह्या फीचरमध्ये सगळं जोडून एकच फाईल होते. काय काय घ्यायचं त्याच्यापुढे चौकोन असतात. एकही चौकोन रिकामा ठेवला नाही. दोनशे अकरा पानं! मुकुलसारख्या जाणकाराला तयारी दिसली म्हणजे झालं. पाठवून दिलं.

३० सप्टेंबर. दुपारी ४.०५
मुकुलचा फोन. सगळी पानं वाचली म्हणाला. पोस्टमनच्या चपलेच्या नंबरासकट. मग म्हणाला, ती तीन वाक्यं मात्र मी परत परत वाचली. कुठे निघाली रे ती? एवढं सांग. प्रकरणं नंतर दे, भाच्याला महिनाभर थांबवतो. मी सातपर्यंत इथेच आहे.
म्हटलं, बघून सांगतो.

५.३०
द्रौपदीचा फॉर्म दोनदा वाचला. रक्तगट आहे, जन्मवेळ आहे. कुठे निघाली ते नाही. नानाचा फॉर्म. भाजीवाल्याचा. बोर्डावर चाळीस कार्डं, एकावरही नाही.

६.५०
मुकुलला मेसेज: बघतोय. तिला दारात मीच उभी केली आणि मलाच माहीत नाही.

७.४५
सातला मुकुलचा मेसेज आला: शटर ओढलं.
सव्वासातला क्षमा मेथी निवडत बसली होती. मी कसा दिसत होतो कोण जाणे, तिने विचारलं, काय झालं रे? तिला ती वाक्यं वाचून दाखवली. मेथीवरून नजर न काढता ती म्हणाली, हातात मासळीची पाटी नाही म्हणजे बाजाराला नाही निघाली. आणि कोळ्याची बायको, नवरा समुद्रावर असताना तिकडे बघत नाही, म्हणजे सोडून चाललीय त्याला. एवढं काय त्यात?
दोन महिने. बहात्तर रकाने. एवढं काय त्यात.
धावत गॅलरीत जाऊन मुकुलला फोन लावला. रिक्षात होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, हे क्षमाचं ना? तिला दे फोन.
मी म्हटलं, नाही. मलाच सुचलं.
मुकुल म्हणाला, बरं. मग पुढे काय होतं?
क्षमा आत मेथी धूत होती. हाक मारली असती तर तिला ऐकू गेलं असतं. म्हटलं, बघून सांगतो. ठीक आहे मार्तंडा, असं मुकुल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.