पाठलागाची जबाबदारी म्हशीवर टाकल्याबाबत

दिनांक : २१ जुलै २०२५

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
पोलीस वाहनजन्य दुखापत कक्ष,
कोल्हापूर.

विषय : दि. ६ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या पाठलागात माझ्या पत्नीस झालेल्या प्राणघातक दुखापतीची जबाबदारी शासनाने स्वीकारणेबाबत व श्री. ज्ञानू पिराजी बोडके यांच्यावरील गुन्हा मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ४ जुलै २०२५ चे पत्र.
२) माझा दि. ७ फेब्रुवारी २०२५ चा जबाब (अचूक, परंतु अपुरा).

महोदय,

मी, महांतेश रामलिंग घुगरे, वय ६८, पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, पुढीलप्रमाणे निवेदन सादर करतो.

१. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून, धार काढून, तेथेच दूध प्यायला देण्याची पद्धत आपणास ठाऊक असेल. माझी पत्नी कै. रुद्राणी रोज सायंकाळी तेथे श्री. ज्ञानू बोडके यांच्या चंद्री नावाच्या म्हशीचे दूध पीत असे. न उकळलेले दूध पिण्यास माझा बत्तीस वर्षे विरोध होता व आजही आहे. तडजोड म्हणून ती स्वतःचे नाव कोरलेला स्टीलचा पेला घरून नेत असे आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहत असे. "तुम्ही तिकडंच थांबा, तुमचं जंतू घेऊन," असे ती जाताना रोज म्हणे. ते अंतर मी नंतर मोजले. सहा मीटर चाळीस सेंटिमीटर भरले. हा अर्ज तिच्याऐवजी मी लिहीत आहे, याचे कारण एवढेच अंतर आहे.

२. घटनेच्या दिवशी सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास काळ्या काचांची एक मोटार नाकाबंदीवर न थांबता पुढे गेली. तिचा क्रमांक तेथील कर्मचाऱ्याने लिहून घेतला होता. तरीही पोलीस वाहन सायरन लावून तिच्या मागे पेठेच्या गर्दीत शिरले. दोन्ही वाहने कट्ट्याला खेटून गेली. त्यांचा कोणासही स्पर्श झाला नाही. सायरनने चंद्री बुजली, दावे तुटले व तिच्या धडकेने रुद्राणी कट्ट्याच्या दगडी कडेवर पडली. तिचा खुबा मोडला. एकोणिसाव्या दिवशी, २४ फेब्रुवारीस, रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन तिचे निधन झाले. मोटार मात्र ७ फेब्रुवारीच्या सकाळीच, लिहून घेतलेल्या क्रमांकावरून, मालकाच्या दारात उभी असलेली सापडली. काचांवरची काळी फिल्म तेथेच सोलून काढण्यात आली.

३. त्याच सकाळी रुग्णालयात जबाब घेताना हवालदारांनी मला विचारले, "धडक कशाची बसली?" मी उत्तर दिले, "म्हशीची." विचारले असेल तेवढेच लिहा, हे छत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या माणसाचे ते उत्तर होते. म्हैस कशाने बुजली, हा प्रश्न मला विचारला गेला नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे मला शिस्तीला धरून वाटले नाही. त्या एका शब्दाच्या आधारे २२ एप्रिल रोजी श्री. बोडके यांच्यावर जनावराबाबत निष्काळजीपणा करून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. कट्ट्यावरील इतर कोणाचाही जबाब घेतलेला नसल्याने या प्रकरणात साक्षीदार एकच आहे. तो मी.

४. "शासकीय वाहनाचा मयताशी प्रत्यक्ष स्पर्श नसल्याने शासन उत्तरदायी नाही," असे आपल्या पत्रात म्हटले आहे. कॅरम खेळलेल्या कोणासही हे माहीत आहे की स्ट्रायकर राणीला न शिवताही राणी भोकात जाते. मध्ये दुसरी सोंगटी असते. त्या सोंगटीवर गुन्हा दाखल होत नाही. हाच मुद्दा मी ठाण्यात मांडला असता मिळालेले उत्तर जसेच्या तसे देतो : "पावणं, म्हस सरकारी न्हाय. गाडी सरकारी हाय, पर ती कुणाला शिवली बी न्हाय. मग आमी कुणाला धरायचं, तुमीच सांगा की!" प्रश्न प्रामाणिक होता, असे माझे मत आहे. या अर्जाद्वारे मी त्याचे उत्तर देत आहे.

५. चंद्री मुळातच बुजरी असावी, ही शक्यता मी गृहीत धरून तपासली. मे महिन्यात अकरा सायंकाळी मी रस्त्याच्या पलीकडे, माझ्या पूर्वीच्या जागी उभा राहिलो. या काळात तिच्याजवळून बसगाड्या, उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर, फटाके आणि डॉल्बी लावलेली एक वरात गेली. वरातीच्या वेळी माझ्या छातीत कंप जाणवत होता. चंद्री रवंथ करीत होती. निरीक्षणांची संख्या अल्प आहे, हे मान्य. सायरनचा प्रयोग माझ्या अधिकारात नाही व तो कोणीही पुन्हा करू नये.

६. आता मूळ नुकसानीविषयी. आम्हांस अपत्य नाही. २८ फेब्रुवारीपासून श्री. बोडके रोज सायंकाळी किटलीतून दूध घेऊन घरी येऊ लागले. २१ एप्रिलपर्यंतच्या त्रेपन्न दिवसांपैकी ते एक्कावन्न दिवस आले. दोन दिवस ते नृसिंहवाडीस गेले होते, व तसे आगाऊ सांगून गेले होते. मी दूध उकळीपर्यंत ते पायरीवर बसत. "सर, उकळून उकळून दुधातलं दूध गेलं की! वैनी असत्या तर तुमास्नी पातेल्यासकट भाईर काढलं असतं," असे ते म्हणत. एकदा म्हणाले, "म्हस माझी हाय. म्हनून येतोय. तुमी बोलू नगा, नुस्तं दार उघडा." मी दार उघडत असे. हळूहळू बोलतही असे.

गुन्हा दाखल झाल्यानंतर, साक्षीदाराशी कोणताही संपर्क ठेवू नये, या अटीवर त्यांना जामीन मिळाला. अट ते काटेकोर पाळतात. मी समोरून आलो की ते रस्ता ओलांडतात व मी दिसेनासा होईपर्यंत पलीकडे थांबतात.

या अटीचा परिणाम मी मोजला आहे. जून महिन्यात मी घरात मोठ्याने उच्चारलेली वाक्ये एका वहीत नोंदवली. एकूण सत्तावीस. त्यांतील एकोणीस चुकून लागलेल्या दूरध्वनींना दिलेली उत्तरे आहेत. उरलेली आठ कोणालाही उद्देशून नव्हती. एप्रिलपूर्वीची आकडेवारी उपलब्ध नाही. तेव्हा मोजण्याची गरज भासली नव्हती.

७. आपल्या नमुन्यात 'मागणी' या सदराखाली केवळ रकमेचा रकाना आहे. तो मी कोरा ठेवला आहे. माझी विनंती अशी :

(अ) माझ्या जबाबास पुढील वाक्य जोडावे : "म्हैस पोलीस वाहनाच्या सायरनने बुजली, व क्रमांक हाती असलेल्या मोटारीचा गर्दीत पाठलाग करणे अनावश्यक होते." हे वाक्य शासनाने आपले म्हणून स्वीकारावे.

(आ) त्यानुसार श्री. बोडके यांच्यावरील गुन्हा मागे घेण्याची कार्यवाही व्हावी. त्यास वेळ लागणार असल्यास किमान संपर्कबंदीची अट तत्काळ उठवण्याची शिफारस व्हावी. साक्षीदारावर दबाव येईल, ही भीती निराधार आहे. साक्षीदारावर सध्या कोणाचाच कसलाही दबाव नाही, हीच त्याची तक्रार आहे.

(इ) घटनास्थळावरून जप्त केलेला, 'सौ. रुद्राणी म. घुगरे' असे कोरलेला स्टीलचा पेला परत मिळावा. घरात दुसरा एक पेला आहे व मला तो पुरतो. तथापि वरील अट उठल्यास श्री. बोडके येतील, आणि त्या दिवशी मी दूध उकळणार नाही. तेव्हा दोन लागतील.

आपला नम्र, व अद्याप एकमेव साक्षीदार,

(स्वाक्षरी)
महांतेश रामलिंग घुगरे

सोबत :
१. घटनास्थळाचा मोजमापांसह नकाशा
२. चंद्रीच्या निरीक्षणांचा तक्ता, अकरा सायंकाळी
३. जून महिन्याची वाक्यांची वही (मूळ प्रत, पुढील नोंदींसाठी परत मिळावी. (आ) मंजूर झाल्यास परत करण्याची आवश्यकता नाही.)