गाळलेली दोन कडवी

सर, तो आवाज मोठा नव्हता. नुसता खट्, कुलपात चुकीची किल्ली फिरवल्यासारखा. छावणीच्या मैदानावर आठ पोरी रेषेवर वाकलेल्या, तुमचा हात आभाळाकडं, आणि शर्यत सुरू करायचं पिस्तूल उडालंच नाही. पोरी फिदीफिदी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. हात तसाच वर ठेवून मला म्हणालात, "कवी, म्हण."

मी तुमचाच विद्यार्थी. त्याच शाळेत मराठी शिकवायला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. काडतूस फुसकं निघालं की लगेच उघडायचं नाही, ते उशिरानंही पेटतं, हा तुमचा नियम. घड्याळं सगळी तिकडं शेवटच्या दोरीपाशी, म्हणून थांबायचा वेळ तुम्ही माझ्या कवितेवर मोजायचात. सातवीच्या पुस्तकातली नदीची कविता, चार कडव्यांची. ती पूर्ण होईस्तोवर नळी वर, बोट खटक्याच्या बाहेर, आणि मी चार पावलं मागं. "तुझ्या कवितेचा एवढाच उपयोग हाय बघ," असं चिडवायचात, पण मी म्हणायला लागलो की ओठ तुमचेही हलायचे. कुणी त्या पिस्तुलाला खोटं म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. "गोळी नाय म्हणून काय झालं? आग तर हाय ना. हातभर अंतरावर माणूस भाजतो."

आज सकाळी सुनेनं माझं कपाट आवरायला काढलं. मी बाहेर पेपर वाचत होतो. "बाबा, हे काय ओ? खेळण्यातलं हाय का?" मी वळून बघतो तर तुमचं पिस्तूल तिच्या हातात, आणि ती एक डोळा मिटून नळीत बघतेय. मी म्हटलं, बाई, बोट काढ, तोंड भिंतीकडं कर, हळू खाली ठेव. "गंजलंय की सगळं. रिकामंच असंल," ती म्हणाली. तुमचं वाक्य मी तिला तुमच्याच आवाजात ऐकवलं, "रिकामं हाय असं डोळ्यानं बघितल्याबिगर म्हणायचं नाय." बघायचं तर उघडावं लागणार, आणि गंजानं ते जाम झालंय. काडतुसांची डबी तुम्ही शिकवल्याप्रमाणं मी वेगळ्या कप्प्यात ठेवली होती. झाकणावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, सहा. आत पाचच आहेत. सहावं कुठं आहे, सर? घरातल्या सगळ्यांना मी शेजारी धाडलं, खोलीला कडी घातली. एकदा वाटलं, पिशवीत घालून आपणच पोलीस चौकीत नेऊन द्यावं. पण पिशवीत धक्का लागला तर? आणि रस्त्यात कुणी पाहिलं तर त्याला ते खोटं थोडंच वाटणार? शेवटी चौकीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, हात लावू नका, आमचा माणूस येतो. कुणाचं पिस्तूल, असंही विचारलं त्यानं. मी तुमचं नाव आणि शाळेचं नाव सांगितलं. तेव्हापासून ओसरीत बसून हे लिहितोय. कागद गुडघ्यावर धरलाय, अक्षर तुम्हाला आवडणार नाही.

भीती फक्त त्या खोलीतल्या वस्तूची असती तर एवढं लिहिलं नसतं. त्या दिवशी मैदानावरच्या मांडवात पाहुणे खोळंबले होते, हेडमास्तर माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. मी पहिलं कडवं म्हटलं आणि एकदम चौथ्यावर गेलो. "झाली, सर," म्हणालो. तुम्ही हात छातीशी घेतला, उघडायला डावा पंजा लावला, आणि ते फुटलं. पंजा भाजला, तो महिन्याभरात भरला. डावा कान मात्र कायमचा गेला. मधली दोन कडवी मी म्हटली असती तर ते वर आभाळात फुटलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. इतकी वर्षं तेच घोकतोय. हेडमास्तरांना तुम्ही सांगितलंत, "माझीच घाई झाली." घरीही तेच सांगितलंत. तुमची लेक तेव्हा चौथीत होती. ती तुमच्या उजव्या बाजूनं बोलायला शिकली.

शर्यत सुरू करायला शाळेनं भोंगा घेतला, तुम्ही निवृत्त झालात, तेव्हा हे पिस्तूल माझ्या हातात देताना तुम्ही विचारलंत, "कविता पूर्ण येते ना अजून?" मी व्हय म्हणालो. तुम्ही काडतुसांची डबीही माझ्या हातावर ठेवलीत. तुम्हाला ती कविता माझ्याइतकीच पाठ होती, हे कळायला मला फार उशीर झाला. कळल्यावरही मी तुमच्याकडं आलो नाही. हा कागदही घड्या घालून त्या नदीच्या कवितेच्या पुस्तकातच ठेवणार आहे, तेवढं सोपं वाटतं म्हणून.

फाटकाशी रिक्षा थांबलीय. चौकीतला माणूस असेल म्हणून उठलो, तर पिकल्या केसांची एक बाई उतरतेय. चालणं तुमचं आहे. "काका, वळखलं का? चौकीतून शाळेत फोन गेला, शाळेतून आमच्याकडं. पप्पांचं पिस्तूल तुमच्यापाशी हाय म्हणे." ती पायऱ्या चढून आली. समोर खुर्ची रिकामी असताना, सवयीनं, माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिलीय.