अण्णाचा हसरा फोटो

३ नोव्हेंबर, रविवार. लातूर.
दर रविवारसारखा उदगीरला अण्णाच्या घरी जाऊन आलो. अण्णाला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. पंधरा डिसेंबरला पुण्यस्मरण. जेवणाचं आणि मंडपाचं मल्लेश बघणार. मल्लेश म्हणजे अण्णाचा मुलगा, आडत आता तोच चालवतो. फोटोचं काम मी मागून घेतलं. घरात लावलेला फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. त्यात अण्णा पाकीटमारासारखा दिसतो.
शरणम्मा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक हसरा बघा. एकट्याचा. बाकी काही नको."
म्हटलं, आठ दिवसांत देतो. माझा जुळा भाऊ. त्यात मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. चेहरा ओळखणं हाच आपला धंदा.
बोलताना वहिनी भिंतीकडं बघत होत्या. फोटोची जागा ठरवत असतील.

५ नोव्हेंबर
शिवानीनं पुण्याहून फोनवर समजावलं. दिवाळीला आली तेव्हा पोरीनं घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून माझ्या मोबाईलमध्ये टाकलेत. त्यातलं ॲप आपोआप चेहरे ओळखतं, ज्याचा त्याचा वेगळा गठ्ठा करतं. आपण फक्त नाव द्यायचं.
पहिला गठ्ठा माझा निघाला. नाव दिलं, सिद्धराम. दुसरा महानंदाचा. बायको म्हणून नव्हे, फोटो जास्त म्हणून. अण्णाचा खाली कुठंतरी असेल. उद्या बघू.

६ नोव्हेंबर
अण्णाचा गठ्ठा नाही. महानंदाच्या माहेरच्या कुत्र्याचा आहे, अण्णाचा नाही.
माझ्या गठ्ठ्यात मात्र भरमसाठ फोटो. आडतीच्या गादीवर मी. तुरीच्या पोत्यावर मी. शरणम्मा वहिनींच्या शेजारी बाशिंग बांधून मी. माणूस गेला आणि त्याचं सगळं माझ्या नावावर चढलं. सातबारासुद्धा एवढ्या लवकर होत नाही.
शिवानी म्हणाली, "पप्पा, जुळ्यांचं त्याला कळत नाही. त्याची लिमिट आहे."
म्हटलं, त्याची असेल.

९ नोव्हेंबर
संकल्प. रोज सकाळी चहाच्या आधी पन्नास फोटो वेगळे करायचे.

१० नोव्हेंबर
चहा आधी आला.

१२ नोव्हेंबर
लाईट नव्हती. मोबाईल फुल चार्ज होता असं महानंदाचं म्हणणं. मुद्दा तो नाही.

१६ नोव्हेंबर
काम जोरात. पद्धत बसवली. अण्णा रोज विभूती लावायचा, मी फक्त सणाला. पण आमच्याकडं फोटोच सणाला काढायचे. ही खूण बाद. अण्णाच्या डाव्या कानाखाली तीळ होता. उत्तम खूण. संध्याकाळी लक्षात आलं, सेल्फीत डावं-उजवं उलटं होतं. शिवाय जुन्या फोटोंवर बुरशीचे ठिपके पडलेत. एका फोटोत महानंदालाही तीळ आहे. कपड्यांवरून ठरवावं तर अव्वा, म्हणजे आमची आई, एकाच ताग्यातून दोघांचे शर्ट शिवायची.
तरी काही फोटोंना हातानं 'अण्णा' नाव दिलं. ॲपनं त्यावरून शिकून घेतलं आणि माझ्या लग्नातला मी उचलून अण्णाच्या गठ्ठ्यात टाकला. गंमत म्हणून महानंदाला दाखवलं. हसली नाही. म्हणाली, "तुमी तरी ओळखून राहिलात का?"
असल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

२१ नोव्हेंबर
आता ॲप दोन चेहरे शेजारी ठेवून विचारतं, एकच माणूस की वेगळा? खाली तिसरं बटण आहे, खात्री नाही. मी तेच दाबतो. खात्री आहे, पण घाई कशाला.
वहिनींचा फोन आला. "सापडला का?"
म्हटलं, "ढीगभर हायत वहिनी, निवडायचं तेवढं राहिलंय."
मग म्हणाल्या, "तुमचा आवाज..." आणि फोन बंद. उदगीरला रेंजचं अवघडच आहे.

२८ नोव्हेंबर, सकाळ
नामी कल्पना. अण्णाचा मोबाईल! शेवटच्या चार-पाच वर्षांचे सगळे फोटो त्यातच. वर्षभर कपाटात पडून आहे. उघडायचा नंबर कोणालाच माहीत नाही. दुकानवाला मल्लेशला म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसून जाईल. आमच्या कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही? तो मोबाईल अण्णाच्या चेहऱ्यानं उघडायचा. आणि अण्णाचा चेहरा माझ्याकडं आहे.
ॲप आम्हाला एकच समजतं, त्याचा आता उपयोग होणार. वहिनींना फोन करून सांगितलं, रविवारी उघडून देतो.

१ डिसेंबर, रविवार. उदगीर.
मल्लेशनं मोबाईल चार्ज करून ठेवला होता. वहिनी, मल्लेश, आडतीवरचा हमाल व्यंकटी, सगळे जमले. मी मोबाईल समोर धरला. नंबर मागितला. चेहरा बघितलासुद्धा नाही. पुन्हा धरला. नंबर.
मल्लेश म्हणाला, "काका, लई दिवस बंद होता. असा बंद पडला की पहिल्यांदा नंबरच लागतो म्हणे."
पोरं लगेच हार मानतात. मी म्हटलं, चेहरा नीट जुळत नसेल. वहिनींकडून अण्णाचा चष्मा मागून घेतला. कपाळाला विभूती ओढली. खुंटीवरची अण्णाची पांढरी टोपी घातली, तो घालायचा तशी, जरा कलती. उजेडासाठी गादीवर जाऊन बसलो, अण्णा बसायचा तिथं. मान वर करून म्हटलं, "आता बघा."
व्यंकटीनं एकदम हात जोडले. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. आत चुलीचा धूर झाला असेल. मल्लेश म्हणाला, "काका, टोपी काढा." आवाज जरा चढाच होता. कामाचा ताण आहे पोरावर.
मोबाईल नंबरच मागत राहिला. जिथं नको तिथं आम्ही एक. जिथं पाहिजे होतं तिथं ह्यानं ओळख दाखवली नाही.
चष्मा तसाच घालून लातूरला आलो. बसमध्ये कळालं. चष्म्याचा नंबर मला बरोबर लागतो.

७ डिसेंबर
सापडला! उदगीरच्या किल्ल्यातला. बुरुजावर एकटा उभा, वाऱ्यानं केस उडालेले, डोळे मिटेपर्यंत हसतोय. असं मनमोकळं हसणं अण्णाचंच. मी एवढा कधी हसतो? ॲपनंही तो अण्णाच्या गठ्ठ्यात टाकलाय. म्हणजे दोघांचं एकमत. फ्लेक्सवाला निवडणुकीतून नुकताच मोकळा झालाय, बुधवारी देतो म्हणाला. मोठा सांगितला. फ्रेमही सांगितली.
महानंदा फोटोकडं बघत राहिली. "नक्की?" म्हणाली. म्हटलं, चित्रकलेचा मास्तर कोण आहे?

१५ डिसेंबर, रविवार. उदगीर.
कार्यक्रम छान झाला. मंडपाच्या दारात फ्लेक्स. 'लिंगैक्य सिद्धलिंग अण्णा यांना विनम्र अभिवादन.' सगळे थांबून बघत होते. आडतवाले म्हणाले, अगदी बोलतोय फोटो. माझ्या शाळेतला एक जुना शिक्षक बायकोच्या गावाला जाताना तिथून गेला. त्यानं थेट महानंदाला फोन लावला, "वहिनी, सर गेले, कळवलं नाही." ती माझ्या शेजारीच पंगतीत बसली होती. आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो.
पंगती उठल्यावर वहिनींनी आत बोलावलं. फ्रेम मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हार काढून बाजूला ठेवला होता.
"भाऊजी, हे तुमी हाव."
मी म्हटलं, वहिनी, ॲपनंसुद्धा...
"मी तिथं होते. शिवानी पोटात होती तवाची गोष्ट. महानंदा खाली सावलीत बसलेली. तुमी बुरुजावर चढला अन् कॅमेरा ह्यांच्या हातात होता. काय की म्हणाले अन् तुमी हसाय लागला."
मी विचारलं, मग सकाळीच का नाही सांगितलं?
"माणसं आली होती. हार घालून पाया पडून राहिले होते. काय सांगू?"
मी दुसरा फोटो शोधतो म्हटलं. पुढच्या रविवारी घेऊनच येतो.
त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. वर्षात पहिल्यांदाच, हे तेव्हा लक्षात आलं.
"थोडे दिवस येऊ नका भाऊजी. तुमचा काही दोष न्हाई. तुमी दारात आला की एवढासा वेळ वाटतं, आले. मग न्हाई. दर रविवारी पुन्हा तेच. लई जड जातं."
मी हाव म्हटलं. चप्पल घालताना मल्लेश बसस्टँडवर सोडतो म्हणाला. नको म्हटलं. महानंदा आणि मी चालत गेलो. वाटेत तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

१८ डिसेंबर
मल्लेशचा फोन. ढगाळ आहे, उघड्यावर तुरीचा ढीग पडलाय, फ्लेक्स व्यंकटीनं त्यावर टाकला, चालंल ना काका? म्हटलं चालंल. चेहरा खालच्या बाजूला टाकलाय, असं त्यानं आपणहून सांगितलं. घरात पुन्हा आधार कार्डाचा फोटो लावलाय.

१९ डिसेंबर
शिवानी म्हणाली, पप्पा, आता सोडून द्या. म्हटलं, सोडलं. मग दुपारभर एकच फोटो बघत बसलो. ॲपवर विसंबून नाही, स्वतः. बुरुजावर उभा आहे तो मी. मान्य. समोर अण्णा उभा आहे, फोटोत नाही. काय म्हणाला असेल? खूप ताण दिला डोक्याला. एवढं हसण्यासारखं काहीतरी होतं. आठवत नाही.

२२ डिसेंबर, रविवार
सवयीनं लवकर उठलो, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. महानंदानं विचारलं, कुठं?
शर्ट काढून ठेवला. उदगीरची गाडी गेली असेल आतापर्यंत.