न प्यालेली दारू

१२ मार्च २००२
तांड्यावरचा हातपंप. नऊ पाइप वर काढले, वॉशर फाटलं होतं. तीन वाजता पाणी लागलं. बाया घागरी घेऊन आधीच रांगेत. नायकानं चहा पाजला. मग ड्रायव्हर रशीदभाईला म्हटलं, मला फाट्यावर सोड आन जीप घेऊन जा पंचायत समितीत, मी येतो मागून. ग.
या आठवड्यात तिसऱ्यांदा, आन आज मंगळवारच आहे.
डायरी ऑफिसची. पुढच्या पानांवर पंप लिहितो, मागून उलटी धरून हे. ग. म्हणजे गेलो. फाट्यावरच्या ढाब्यामागच्या खोल्या. बाईचं नाव मी विचारत नाही, ती माझं विचारत नाही. जाताना अशी घाई की कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. येताना काहीच नाही. घरी सुमननं भाकरी वाढली, पिंकीनं सातचा पाढा म्हणून दाखवला. चुकली का बराबर, लक्ष नव्हतं.

१९ मार्च
चेन आणि वॉशर आणायला हिंगोलीला. भिंतीभिंतीवर ज्याची जाहिरात रंगवलेली असते तो गुप्तरोगवाला दर मंगळवारी स्टँडजवळच्या लॉजवर बसतो. गेलो. म्हटलं, ही सवय सुटत नाही, कमी होईल असं काही द्या. तो हसायलाच लागला. बाहेर बसलेले सगळे वाढवायला आलेत म्हणे, कमी करायला आलेला तू पहिलाच. तरी पुड्या दिल्याच. चिठ्ठी वाचली तर ताकदीच्याच. पुलावरून कयाधूत टाकल्या. तिथून सरळ ग.

२ एप्रिल
दादा गावाहून आला. चपलाही न काढता सुरू. तुझ्या बायकोनं निरोप धाडला, तू पिऊन राहिला म्हणून. टायमावर घरी येत न्हाई, खोटं बोलतो, इचारलं की अंगावर येतो. बापाचं नाव मातीत घालून राहिला.
उभ्या जन्मात दारूला बोट लावलेलं नाही मी. तेच सांगायला तोंड उघडलं. सुमन चुलीपुढं, पाठ आमच्याकडं. मग ध्यानात आलं, दारू नाही म्हटलं तर काय आहे ते सांगावं लागेल. दारुड्याला आमच्यात शिव्या आहेत, समजावणारे आहेत, सोडवायची रीत आहे. याला काय आहे?
म्हटलं, "व्हय दादा. चुकलं. सोडतो."
दादाचा जीव भांड्यात पडला. जेवून गेला.

२३ एप्रिल, एकादशी
नरसीला माळ घातली. दादा, माय, सुमन, पिंकी सगळे सोबत. महाराजांनी पुढ्यात बसवून नेम सांगितले. मांस नाही. मद्य नाही. इथं दादानं माझ्याकडं पाहिलं, मायनं डोळ्याला पदर लावला. परस्त्री मातेसमान. इथं कोणीच पाहिलं नाही, तो नेम सगळ्यांनाच सांगतात. मी सगळ्याला एकदमच हो म्हटलं.
वाटलं होतं माळ गळ्यात पडली की काहीतरी होईल. मणी हलके असतात, एवढंच कळलं. बाहेर पिंकीला फुगा घेतला.

९ मे
सोळा दिवस निघाले होते. आज ग.
माळ काढून वॉशरच्या पुडीत ठेवली, पुडी खिशात. सगळी ग्रीसनं माखली. सुमननं पाहिली. पंपाचं ग्रीस म्हटलं. खोटं पण नव्हतं ते. तिनं सोड्यानं धुतली, वाळवली, परत हातात आणून दिली. मला लाज वाटायला पाहिजे होती. बसून वाट पाहिली. नाही वाटली.

२८ मे
रशीदभाई गाडी चालवता चालवता, समोर बघतच, "उस्ताद, तुम पीते नहीं. बारा साल से साथ में हूँ, मेरे कू मालूम."
मग म्हणाला, त्याची बहीण बाळंतपणानंतर बोलायचीच बंद झाली होती, तिला नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. आता दळण आणते, नवऱ्याशी भांडते. पत्ता बिडीच्या कागदावर लिहून दिला. फाट्यावर दर वेळी तोच सोडतो मला. कुठं जातो ते त्याला काय समजत नसेल? पण विचारलं नाही. भला माणूस.

६ जून
नांदेड. बाळापूरला गाडी लय वेळ थांबली, तिथूनच परत फिरावं वाटलं. समोरून आमच्या सेनगावची गाडी आलीच नाही म्हणून पुढं गेलो.
डॉक्टर माझ्याहून लहान. आधी म्हटलं झोप येत नाही. मग म्हटलं डोकं दुखतं. तो लिहीत राहिला. मग सांगितलं. कुठं जातो, किती वेळा, सहा वर्षं झाली, नाही जायचं ठरवतो आन पाय तिकडंच. पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. तो हसला नाही, रागावला नाही, उपदेश पण नाही. जायच्या आधी काय वाटतं, विचारलं. म्हटलं काहीच वाटत नाही, म्हणून तर जातो. हे त्यानं लिहून घेतलं.
याला उपचार आहे म्हणाला. वेळ लागेल. गोळीनं थोडी मदत, बाकी येऊन बोलायचं. पंधरा दिवसांनी या.
मग रक्त. एड्सचं. "पत्नीचंही तपासावं लागेल. हे त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."
माझं दिलं. दुसरं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१० जून
रिपोर्ट चांगला. पण एवढ्यात सगळं दिसत नाही म्हणे, तीन महिन्यांनी परत. तोवर घरात जपून राहा. स्टँडवर दोन केळी खाल्ली. आनंद वगैरे काही नाही. अंथरूण ओसरीत टाकलं, गरमीचं कारण सांगून. सुमनला सांगायचं राहिलं, पाहुणे होते.

४ जुलै
डॉक्टरनं तक्ता आखून दिलाय. वेळ, जागा, त्याच्या आधी काय झालं. पंपाचा भरतो तसाच भरला. मला वाटायचं साहेब बोलला, दादा ओरडला की जातो. तक्त्यात तसं निघालं नाही. पंप झकास लागतो, बाया खूश, कोणीतरी चहा पाजतं, असल्या दिवशी जातो. पाणी आलं की माझं काम संपतं, हात मोकळे, अन् मग काय करावं समजत नाही. डॉक्टर म्हणाला हे तुम्ही शोधलं, मी नाही.
रशीदभाईला सांगून ठेवलं, मी कितीबी म्हटलं तरी फाट्यावर थांबायचं नाही. बराबर, म्हणाला.
महिन्यात दोनदा. आधी एवढं आठवड्यात व्हायचं.
डॉक्टर दर खेपेला विचारतो, सांगितलं? मी म्हणतो, पुढच्या वेळेपर्यंत सांगतो.

१८ ऑगस्ट
गावात सप्ताह. आज काल्याचं कीर्तन. मधेच महाराजांनी माझं नाव घेतलं. दादानं ठरवून ठेवलेलं, मला पत्ता नाही. उभं केलं, शाल, नारळ, गळ्यात हार. या माणसानं दारू सोडली, पिणाऱ्यांनो बघा याच्याकडं. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. माय रडत होती. दादाची छाती फुगलेली.
बायांत सुमन बसलेली. ती माझ्याकडं बघत नव्हती, सतरंजीचा दोरा काढत होती.
जेवायला न थांबता निघालो. पंपाची तक्रार आहे म्हटलं. रशीदभाई सोबत नव्हता. ग.

२० ऑगस्ट
तांड्यावरची एक बाई नवऱ्याला हाताला धरून घरी घेऊन आली. तो सकाळीच टाकून आलेला. "भाऊ, तुमी कशी सोडली ते यास्नी सांगा. लेकरं उपाशी राहून राहिली." सुमननं दोघांना पाणी दिलं अन् दाराला टेकून उभी राहिली, मी काय सांगतो ते ऐकायला.
डॉक्टरनं मला सांगितलेलंच सांगितलं. काम संपल्यावर एकटं राहू नका, सोबतीला कोणाला तरी धरा, एक दिवस चुकला तर सगळं गेलं म्हणू नका. बाई मान हलवत होती, जाताना पाया पडली. लाज वाटली. खरंच वाटली, कान तापले.

१४ सप्टेंबर
पिंकी शेजारी गणपतीत गेलेली. सुमन शेंगा फोडत होती. म्हटलं, गुरुवारी नांदेडला जायचं, तुझं रक्त तपासायचं.
"काहून?"
माझी दारू, म्हणून सुरुवात केली. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.
"दारूचं नका सांगू. माझा बाप पीत व्हता, वास मला कळतो. दारू मीच सांगितली दादाला. दुसरं काय सांगणार व्हते मी?"
मग एकेक. शर्टाला पावडरचा वास. बुधवारच्या बाजारात तिनं मला लांबून फाट्याकडं जाताना पाहिलं होतं, पिंकी कडेवर होती तेव्हाची गोष्ट. पिंकी आता दुसरीत आहे. जूनपासून तुमी ओसरीत झोपता, ते बी गरमीनं न्हाई. आवाज एकदाही चढला नाही. मी सगळं सांगितलं, डॉक्टरचं, तक्त्याचं, शाल दिली त्या दिवशीचं पण. रक्त कशासाठी, तेही.
तिनं एकच विचारलं. "पिंकीला काही व्हईल का?"
एवढी वर्षं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माहीत नाही म्हटलं. ती उठून न्हाणीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज नुसता.

१९ सप्टेंबर
नांदेड. दोघांचं रक्त घेतलं. डॉक्टरनं आधी तिला एकटीला बोलावलं, मी बाहेर बाकावर. लय वेळ. आत ती काय बोलली माहीत नाही. आली तेव्हा रडलेली नव्हती. मला आत बोलावल्यावर डॉक्टर म्हणाला, पिंकीचं आईचा रिपोर्ट आल्यावर बघू, बायकोनं काय ठरवायचं ते तिला ठरवू द्या, घाई करू नका, तुमचं येणं मात्र थांबवू नका. ती राहील का, विचारणार होतो. नाही विचारलं.
येताना गाडीत जागा होती तरी ती पुढं बायांच्या सीटवर बसली. सेनगावला उतरल्यावर म्हणाली, "शनिवारी रिपोर्टाला मी एकटी जाते. तुमी येऊ नका. आल्यावर सांगते."

२१ सप्टेंबर, शनिवार
सकाळच्या गाडीनं गेली. जाताना पिंकीला पोटाशी धरून उभी राहिली, जरा जास्तच. पिशवीत काय घेतलं पाहिलं नाही. पाहायला पाहिजे होतं का? तिचं माहेर नांदेडच्या पलीकडं.
दोन पंपांच्या तक्रारी आल्या, येत नाही म्हणून सांगितलं. पोरीची वेणी घातली, वाकडी झाली, तिनं सोडून टाकली. वरणभात केला. पिंकी म्हणे मीठ न्हाई.
भीती वाटून राहिली. रिपोर्टाची वाटते, पण त्यापेक्षा ती काय सांगते त्याची जास्त. सहा वर्षांत कशाचंच काही वाटलं नाही, आता दुपारपासून एका जागी बसवत नाही. फाट्याकडं पाय वळत होते. पोरगी घरात एकटी, म्हणून गेलो नाही.
चारच्या गाडीला आली नाही. सहाची आहे अजून. पिंकीला घेऊन स्टँडवर चाललो.