पिशवीवाला तुडतुडा

२ ऑगस्ट, सकाळी

आजपासून रोज लिहिणार. पुढेमागे कोणी विचारलं, नवी प्रजाती कशी सापडली, तर तारखा हाताशी असाव्यात.

काल सापडली. आमच्या कीटकशास्त्र विभागामागच्या सायकल स्टँडच्या कडेला गवत आहे, तिथे. तुडतुडा. तांदळाच्या दाण्याएवढा, हिरवा, पानावर तिरका चालतो. तसे तिथे ढिगाने आहेत, पण याच्या पोटाला एका बाजूने काळी, चकचकीत पिशवी आहे. ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या सरांच्या एकाही पुस्तकात अशी पिशवी नाही. (चित्रांची सगळी पुस्तकं पाहिली. बिनचित्रांच्या पुस्तकात पिशवी दिसणार कशी?)

३ ऑगस्ट

घरी सांगितलं. किडा दिसला तर मारायचा सोडून घरी काय सांगत येतोस, असं आई म्हणाली. बाबांचं जुनंच सुरू झालं. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलंस, आता किड्यांना टाचण्या टोचतोस, तेही टेम्पररी. महिनाअखेरपर्यंत कायम झालास तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून भाऊजींच्या टायरच्या दुकानात. त्यांच्याशी मी बोललोय, तुला विचारत नाहीये.

 संशोधकांच्या घरी हे चालायचंच.

५ ऑगस्ट

सर पेपर तपासण्यात बुडालेले. मान वर न करता म्हणाले, खरंच नवीन असेल तर लेखावर तुझं नाव घालू, आणि तुला कायम करण्याचं मी वर बोलतो. पण आधी नराच्या पोटाचं टोक काढून बघ. तुडतुडे त्याच्यावरून ओळखायचे, रंगरूपावर जायचं नाही. आणि पिशवी म्हणतोस तर एकदा मॅडमना दाखव.

मॅडम म्हणजे शेजारच्या खोलीतल्या. गांधीलमाश्यांचा अभ्यास करतात. स्वभावही तसाच, म्हणून सगळे त्यांना डंखवाल्या मॅडम म्हणतात. त्यांना तुडतुड्यातलं काय कळणार? शिवाय श्रेय लाटायला कितीसा वेळ लागतो? दाखवणार नाही.

७ ऑगस्ट

टोक औषधात उकळून मऊ करायचं असतं. मऊ झालं. फारच मऊ झालं. आता औषध आहे, टोक नाही.

दुसऱ्या तुडतुड्याचं टोक व्यवस्थित निघालं आणि मला शिंक आली. फरशी भिंगातून तपासली. विभागात झाडलोट नीट होत नाही.

९ ऑगस्ट

मायक्रोस्कोपचा दिवा गेला. शिपाई म्हणाला, अर्ज करा. केला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तरी ऑफिसातल्या साहेबांनी परत पाठवला. सही राहिली होती.

१३ ऑगस्ट

दिवा आला. तिसऱ्याचं टोक हाती लागलं! आतले अवयव आक्रसलेले, अर्धवट. कोणत्याच चित्राशी जुळत नाहीत. म्हणजे नवीनच! साध्या तुडतुड्याचे जुळतात, फक्त पिशवीवाल्याचे नाहीत. याहून काय पुरावा हवा?

प्रजातीला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं म्हणे. दुसऱ्या कोणाला सुचावं लागतं. सरांसमोर बराच वेळ रेंगाळलो. त्यांनी चहा सांगायला पाठवलं.

१७ ऑगस्ट

दुसऱ्या कोणाला सापडू नयेत म्हणून गवतातले सगळे पिशवीवाले वेचून आणले. बरणीत गवत घालून तोंडाला फडकं बांधलं. पिशव्या फुगताहेत. तुडतुडे एका जागी बसून असतात, उड्या मारत नाहीत. वर्णनात लिहिलं: स्वभाव गंभीर.

२१ ऑगस्ट

घात झाला. पिशव्या उकलल्या आणि प्रत्येकीतून एकेक पांढरी अळी बाहेर आली. तुडतुडे रिकाम्या टरफलासारखे पडलेले. माझी प्रजाती आतून खाल्ली! एकेक अळी चिमट्याने उचलली आणि रुमालात चिरडली. एकही सोडली नाही. बरणी फिनेलने धुतली. रुमाल आईने बघायच्या आत टाकून दिला.

ताई आणि भाऊजी आले होते. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे किडा पंक्चर झाला म्हण की. ताई ठसका लागेपर्यंत हसली. हसा.

टाचणीवरचा एक पिशवीवाला शाबूत आहे. काम पुढे चालू.

२६ ऑगस्ट

वर्णन पूर्ण. सरांना दिलं. सरांनी या वेळी मायक्रोस्कोपला डोळा लावला, आणि माझ्या दंडाला धरून तडक मॅडमकडे नेलं.

मॅडम म्हणाल्या, तुडतुडा अगदी साधाच आहे रे. एक बारीक गांधीलमाशी त्याच्या अंगात अंडं घालते. अळी त्यालाच खाते आणि पोटाबाहेर अशी पिशवी करून वाढते. त्याचे अवयव त्यामुळेच आक्रसतात.

 मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, पण या तुडतुड्यात ही अळी अजून कोणी पाहिलेली नाही. गांधीलमाशी नवीन असण्याची बरीच शक्यता आहे. टाचणीवरच्या अळीचा उपयोग नाही, माशी निघायला जिवंत अळी हवी. लेखावर तुझंही नाव घालू. चल, अळ्या कुठेत?

सांगितलं.

मॅडमनी खुर्ची पुन्हा मागे सरकवली. डंख परवडला असता. सर म्हणाले, अरे, निदान विचारायचंस तरी.

२९ ऑगस्ट

तीन दिवस जाळं घेऊन गवतात. साधे तुडतुडे हवे तेवढे. पिशवीवाला एकही नाही. मी एखादं काम हाती घेतलं की अर्धवट सोडत नाही, हे यावरून दिसतं.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी

विभागाची किल्ली शिपायाकडे दिली. सर म्हणाले, पुढे कधी जागा निघाली तर बघू.

अळ्या मला चांगल्या आठवतात. पांढऱ्या, जराशा वाकड्या. आठवणीवरून सविस्तर वर्णन लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. बहुधा नंतर सावकाश वाचणार असतील.

ताईने दुकानाचा शर्ट पाठवलाय. खिशावर टायरचं चित्र. घालून पाहिला. खांदे कोपराकडे उतरतात. भरशील हळूहळू, असं आई म्हणाली.